उलट्या होड्यांचे बो

आमचे हे बसून जेवत नाहीत.

लग्नाला चाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ह्या माणसाला पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एका जागी बसलेलं मी पाहिलेलं नाही. आम्ही जेवायला बसलो की हे ओट्यापाशी उभे. एका हातात बशी, एका हातात चमचा, पाठ भिंतीला आणि डोळे आमच्या ताटांवर. कुणाचं पाणी संपलं, कुणाला मीठ हवंय, कुणाचा चमचा खाली पडला. मी म्हणते, अहो बसा. ते म्हणतात, बसतोच, तुमचं होऊ दे. आमचं होऊन मी भांडी उचलायला जाते तर ह्यांची बशी केव्हाच धुऊन पालथी घातलेली. चार मिनिटांत जेवण. चावतात की नुसतं गिळतात, देव जाणे.

सवय हॉटेलची. एक्केचाळीस वर्षं एकाच हॉटेलात काढली. वेटर म्हणून लागले, कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. कॅप्टन म्हणजे जहाजाचा नव्हे, वेटरांचा मुकादम. पण आमच्या गल्लीत त्यांना अजून कॅप्टनच म्हणतात, आणि नवीन माणसाला वाटतं की हे सात समुद्र फिरून आले. हे फिरले ते स्वयंपाकघर ते हॉल आणि हॉल ते स्वयंपाकघर. जेवायचं ते स्वयंपाकघराच्या दारामागे, उभ्याने, घंटी वाजायच्या आत. बरं, आता घंटी वाजवणारं कुणी नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

त्या एक्केचाळीस वर्षांत गळ्याला काळा बो टाय, आमच्याकडे नुसता बो. त्यातली माझ्या वाट्याची अडतीस वर्षं तो मी रोज धुतला, रोज इस्त्री केला. मला तो कधी आवडला नाही. जेवणाऱ्यांच्या अंगावर रंगीबेरंगी कपडे आणि माझा नवरा त्यांच्यामध्ये कावळ्यासारखा. ह्यांना विचाराल तर म्हणतील, रंग गिऱ्हाइकाचा, काळा आपला.

म्हणून बो शिवायची कल्पना सुनेने काढली तेव्हा मीच आधी उडी मारली. मी जन्मभर मशीनवर पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश शिवले. ट्रंकभर रंगीत तुकडे उरले होते. सून म्हणाली, आई, ह्याचे बो करूया, मी फोनवर फोटो टाकते, लोक घेतील. मी म्हटलं, कोण घेणार ही फुलपाखरं? पण लोक घ्यायला लागले. लग्नाला घेतात, गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमाला घेतात. एका माणसाने तर कुत्र्यासाठी घेतला आणि फोटोही पाठवला. कुत्रा त्या माणसापेक्षा देखणा दिसत होता.

आमच्या घरचं काम असं चालतं. कापणं आणि शिवणं माझं. फोन, फोटो, खोकी सुनेची. आणि बो नीट बसतो की नाही हे पाहणं कॅप्टनचं, कारण ह्या घरात आयुष्यभर बो बांधलेली मान एकच आहे. हुकाचा, तयार बांधलेला बो त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला. म्हणाले, तो बो नव्हे, ती केसांची पिन. मग मी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा केला, मध्ये कमरेसारखा बारीक आणि दोन्हीकडे फुगीर. कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापायचं नाही, नाहीतर गाठ मारताना ओढलं जातं. ताठ राहावा म्हणून आतून बकरमचं जाड कापड. टीप मारत यायचं, तीन बोटं जागा उघडी ठेवायची आणि लाकडी चमच्याच्या दांड्याने सगळं उलटवून बाहेर काढायचं. कोपरे सुईच्या टोकाने. मग इस्त्री. मग कॅप्टन.

ते पॅसेजमधल्या आरशासमोर उभे राहतात, सदऱ्याची कॉलर वर करतात, बो बांधतात, मान इकडे वळवतात, तिकडे वळवतात. नापसंत असेल तर नुसती भुवई उचलतात. पसंत असेल तर एका झटक्यात ओढून सोडवतात आणि खोक्यात ठेवतात. तीनशेच्या वर बो त्या गळ्याला लागून गेले. पण आरशापासून दोन पावलं पलीकडे एकही गेला नाही. एकदा पिवळ्या ठिपक्यांचा बो बांधला तेव्हा सुनेने मुद्दाम म्हटलं, बाबा, आजचा दिवस राहू दे की. ते हसले आणि ओढून मोकळे झाले.

फुलं, ठिपके, पट्टे ह्यांचं बरं असतं. त्यांना डोकं नसतं, पाय नसतात. खरी परीक्षा आली ती पाखरांच्या कापडाची. हिरवी पाखरं, लाल चोची, पिवळी जमीन. इतकं सुरेख कापड की कातर लावायचा धीर होईना. मी पट्टी कापली, पाखरं छान डोकी वर करून उभी. ह्यांनी बो बांधला आणि सगळी पाखरं आडवी पडली, बाजारात मांडून ठेवल्यासारखी. लटकताना उभं असलेलं चित्र बांधल्यावर आडवं होतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. सून हसून हसून खाली बसली. मी म्हटलं, हस, तुझी पाळी येईल.

मग मी पाखरं आडवी धरून कापली. कापड वाचावं म्हणून दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून एकदम कापायची माझी रीत. पण त्या दोन पट्ट्या मानेमागे जोडल्या की एका टोकाला पाखरं सुलट आणि दुसऱ्या टोकाला उलट. ह्यांनी बांधून दाखवलं. म्हणाले, घाबरू नको, पुढे एकच टोक दिसतं, दुसरं त्याच्यामागे दडतं. सुलट टोक पुढे आलं की झालं. ते पुढे येईल अशा बेताने मी पट्ट्या जोडल्या, ह्यांच्या मानेवर तपासल्या, आणि आमचं गणित सुटलं. पाखरांचं कापड एवढुसं होतं. त्यात जेमतेम एकच बो निघाला. तो विकायचा नाही असं मी जाहीर केलं. कुणासाठी ते कुणी विचारलं नाही. विचारायची छाती नव्हती.

अशात ते पत्र आलं. हॉटेलला पन्नास वर्षं झाली होती. म्हाताऱ्या मालकाची मुलगी आता कारभार बघते, तिने निवृत्त झालेल्या सगळ्यांना जोडीने दुपारच्या जेवणाला बोलावलं होतं. पाहुणे म्हणून. पुढच्या हॉलमध्ये, खिडक्यांच्या बाजूला. ह्यांनी पत्र मला दाखवलं नाही. माझ्या कातरीखाली ठेवलं आणि भाजी आणायला निघून गेले.

परत आल्यावर म्हणाले, जाऊन येऊ, मागच्या दाराने सगळ्यांना भेटू, चहा घेऊ आणि निघू.

मी म्हटलं, मागच्या दाराने तुम्ही एक्केचाळीस वर्षं गेलात. मी पुढच्या दाराने जाणार आहे. आणि सूपपासून पुडिंगपर्यंत तुम्ही माझ्या शेजारी खुर्चीत बसून जेवणार आहात. आणि गळ्यात पाखरांचा बो. काळा घातलात तर लोक तुमच्याच हातात ताटल्या देतील.

ते म्हणाले, रंगीत मला शोभत नाही.

ह्यावर मी बोलणंच बंद केलं. दोन दिवस शब्द नाही. सून शेजारणीला सांगत होती की आमच्या घरात सध्या सुट्टी आहे. तिसऱ्या दिवशी हे माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले, दोऱ्याची रीळ उगाच फिरवत. म्हणाले, पाखरांचा घालतो. बसतोही. पण हात शिवशिवले तर काय करू? मी म्हटलं, हात मांडीवर ठेवा, मी वरून माझा ठेवते. तेव्हा हसले. आमचं भांडण असंच मिटतं, माफी कुणी मागत नाही.

आता खरं सांगते, मला त्या हॉटेलच्या सूपशी काही देणंघेणं नव्हतं. सूप मी घरी करते त्याहून पातळ असणार हे मला ठाऊक होतं. पण ह्या माणसाने हजारो माणसांच्या खुर्च्या मागे ओढल्या. त्याची खुर्ची एकदा कुणीतरी ओढावी आणि त्याने तीत शेवटपर्यंत बसावं, हे मला मरण्याआधी बघायचं होतं. घरी जमलं नाही ते तिथे जमेल, तिथे जमलं तर घरीही जमेल, असा माझा हिशोब.

त्याच आठवड्यात सुनेला मोठी ऑर्डर मिळाली. गणवेश पुरवणारा कुणी माणूस, त्याला एकाच कापडाचे चोवीस बो हवे होते. त्याने फोटोतलं निळं कापड पसंत केलं, त्यावर पांढऱ्या होड्या आणि लाल शिडं. मी पाखरांच्या रीतीने कापले, पाखरांच्या रीतीने जोडले, आणि कॅप्टनच्या गळ्याला एकेक करून चोवीसही लावून पाहिले. होड्या झोकात तरंगत होत्या. सुनेने प्रत्येक खोक्यात बो कसा बांधायचा ह्याच्या चित्राचं कार्ड घातलं. पोचवायच्या दिवशी तिला ताप आला म्हणून हेच पिशवी घेऊन गेले. आले ते उशिरा. मी विचारलं, पोचले? म्हणाले, पोचले. कुणाकडे, कुठे, काही नाही. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते आमच्या ह्यांच्याकडून शिकावं. मला वाटलं, पाय दुखत असतील.

जेवणाचा दिवस उजाडला. ह्यांनी राखाडी कोट घातला, कॉलर वर केली, पाखरांचा बो बांधला. मी मागे उभी होते, हात झटक्यात वर जातो की काय ते बघत. गेला नाही. कॉलर खाली केली आणि आरशातून मला म्हणाले, निघायचं? पाखरं ताठ उभी होती. माझा नवरा चाळीस वर्षांपूर्वी दिसला नव्हता तेवढा देखणा त्या दिवशी दिसला. मी त्याला तसं सांगितलं नाही. म्हटलं, कोटाचं बटण लावा.

पुढच्या दारावरच्या दरवानाने ह्यांना सलाम केला आणि ह्यांनी त्याच्यासाठी दार धरलं. दोघं एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही म्हणत राहिले. मी मधून आत गेले.

हॉल मोठा, पडदे बरे, शिलाई मात्र यथातथा. आमच्या टेबलाला आठ खुर्च्या. ह्यांनी माझी खुर्ची ओढली, ठीक. मग शेजारच्या बाईंची ओढली. मग तिच्या शेजारणीची. चौथीकडे निघाले तेव्हा मी कोटाच्या शेपटाला धरून खाली बसवलं. हात मांडीवर, त्यावर माझा हात. बसले. खुर्चीच्या इतक्या टोकाला की एखाद्याने फुंकर मारली असती तर पडले असते, पण बसले.

मी आजूबाजूला पाहिलं आणि काहीतरी खटकलं. पाहुणे म्हणून आलेले ह्यांचे जुने सोबती, सगळ्यांच्या गळ्यात काळे बो. जन्माची सवय. रंगीत एकटे आमचेच. मी मनात म्हटलं, बरं झालं, उठून दिसतात.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं झुलतं दार उघडलं आणि सूप घेऊन वेटरांची रांग बाहेर आली. प्रत्येकाच्या गळ्यात निळा बो, पांढऱ्या होड्या, लाल शिडं.

माझ्या हातचं काम मी अंधारात ओळखेन, इथे तर झुंबरं लागली होती. आधी छाती फुगली. मग नीट पाहिलं. होड्या उलट्या होत्या. शिडं खाली, तळ वर. चोवीस माणसांच्या गळ्यात चोवीस बुडालेल्या होड्या, आणि त्या मी बुडवल्या होत्या.

कसं झालं ते कळायला मला सूप वाढून होईपर्यंतचा वेळ लागला. आमचे कॅप्टन डावखुरे आहेत. जग बांधतं त्याच्या उलट हाताने ते बो बांधतात. ते बांधतात तेव्हा एक टोक पुढे येतं, बाकीची दुनिया बांधते तेव्हा दुसरं. आणि मी शहाणीने सगळे बो जगातल्या एकाच मानेवर बेतले होते. चाळीस वर्षं मीठ डाव्या हाताने घेताना बघतेय ह्या माणसाला, आणि ऐन वेळी आठवलं नाही.

दुसरी गोष्टही तेव्हाच ध्यानात आली. आता ह्या हॉटेलात रंगीत बो वेटरचा होता, आणि माझ्या हट्टापायी सगळ्या पाहुण्यांत वेटरसारखा दिसणारा माणूस एकच होता.

ते ध्यानात येतंय तोवर घडलंही. पलीकडच्या टेबलावरच्या एका बाईंनी न बघता हात लांब केला आणि रिकामा ग्लास ह्यांच्या खांद्यापाशी धरला. म्हणाल्या, पाणी आणा जरा. वाईट नव्हती बिचारी, गप्पांत होती. मी तोंड उघडलं, पण हे माझ्याआधी उठले होते. माझ्या हाताखालचा हात कसा निसटला कळलंच नाही. ग्लास घेऊन, पाठ ताठ, झुलत्या दारातून आत गेले. त्या बाईंना पाणी दुसऱ्याच कुणीतरी आणून दिलं. हे आले नाहीत.

ह्यांचं सूप निवलं. त्यावर साय धरली. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमचे मिस्टर? मी म्हटलं, येतील. वेटरने बशी उचलून नेली. मी मनात बरंच बोलत होते. जित्याची खोड, वगैरे.

मग मासा आला. मासा वाढणाऱ्याच्या गळ्याकडे माझं लक्ष गेलं. त्याची होडी सुलट होती. मला वाटलं, नजरचूक. त्याच्यामागचा आला, त्याचीही सुलट. बटाटे घेऊन आलेल्याची मात्र उलट. तो रिकामं भांडं घेऊन दारामागे गेला आणि थोड्या वेळाने आला तेव्हा होडी तरंगत होती. मग मी जेवण सोडून दाराकडेच बघत राहिले. बुडालेल्या होड्या आत जात होत्या आणि सुलट होऊन बाहेर येत होत्या. पाच. नऊ. तेरा.

मी उठले आणि तशीच त्या दारातून आत गेले.

आत धूर, भांड्यांचा कल्ला आणि एका कोपऱ्यात रांग. रांगेच्या टोकाला आमचे हे, पालथ्या खोक्यावर उभे. दुसऱ्याच्या गळ्यात समोरून त्यांना बो बांधता येत नाही, हाताला फक्त आपल्याच मानेची दिशा ठाऊक. म्हणून प्रत्येकाच्या मागे उभे राहून, दोन्ही हात त्याच्या खांद्यावरून पुढे घेऊन, स्वतःच्याच गळ्यात बांधावा तसा बांधत होते. पुढचा वेटर ताडमाड उंच, त्याला गुडघे वाकवायला लावलं होतं. त्याच्या कानाशी म्हणत होते, हलू नको, हे काम माझ्या बायकोचं आहे, ते असं उलटं टांगून फिरायचं नाही.

मला बघून खोक्यावरून उतरले. चोरी पकडल्यासारखे.

मी विचारलं की बो ह्या हॉटेलात गेलेत हे पोचवतानाच कळलं होतं ना? म्हणाले, हो, मागच्या दारानेच तर दिले. म्हणजे पाखरं घालून आलो तर वेटर दिसू, हेही कळलं होतं? म्हणाले, हो. मग बोलला का नाहीत? त्यावर त्या उंच माणसाच्या बोचं टोक सारखं करत म्हणाले, तू इतक्या हौसेने शिवलास.

मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, अगं, आठच राहिलेत, दहा मिनिटं दे, हॉलभर लोक बसलेत, तुझं नाव खराब व्हायला नको. स्वयंपाकघरातले सगळे भांडी खाली ठेवून आमच्याकडे बघत होते. मी म्हटलं, चला. आणि त्या झुलत्या दारातून कॅप्टनला हाताला धरून बाहेर आणलं, शाळेतून मूल आणावं तसं.

ह्या वेळी खुर्ची मी ओढली. सगळ्या हॉलदेखत. बसले. मालकाच्या मुलीने लांबून हात केला आणि ह्यांच्यासाठी नव्याने मासा पाठवला. घेऊन आलेल्याची होडी सुलट होती, देवाची कृपा. ह्यांनी काटा उचलला, पहिला घास घेतला, चावला. दुसरा घेतला. मी मोजत नव्हते, पण मोजत होते. सातव्या घासाला डोळे भिरभिरले. खिडकीपाशी एक उलटी होडी उभी होती. तिच्यापलीकडे दुसरी. ह्यांचा काटा खाली आला, टाच जमिनीवरून उचलली गेली, खुर्ची इंचभर मागे सरकली.

मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि आजूबाजूच्या सहाही जणांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

"अहो, ऐका. त्या होड्या मी कापल्यात, मी शिवल्यात आणि मीच बुडवल्यात. ज्याला त्या उलट्या दिसतील त्याने मला येऊन सांगावं, मी इथेच बसलेय. उद्या चोवीसच्या चोवीस घरी आणा, उसवते आणि नीट जोडून देते. पण आज राहिलेल्या आठ बुडू देत. माझं नाव बुडेल तेवढं बुडू दे, ते पोहतं. तुम्ही एक्केचाळीस वर्षांचे कॅप्टन असाल, ह्या टेबलाची कॅप्टन मी आहे. पुडिंग अजून यायचंय. तुम्ही बसा."